ओसरती थंडी

जानेवारीतल्या त्या सकाळी आईने गाडीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "अनिकेत, वाटेवरच आहे रे. चार घरी हळदीकुंकवाचे बोलावणे करते, मग तू जा तुझ्या पचमढीला."

बोलावणे फोनवर करायचे नसते, दारात जाऊन कुंकू लावूनच करायचे असते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. नाही म्हणणे मला जमत नाही, हेही आईला ठाऊक होते. टी. टी. नगरच्या धुक्यात आम्ही फिरत राहिलो. चार घरे म्हणता म्हणता वाढत गेली. प्रत्येक दारात आई रेंगाळे, आणि तिचा खोकला आठवून मी हीटर बंद करत नसे. तिला घरी सोडले तेव्हा बॅटरीचा आकडा थोडासाच उतरला होता. कंपनीने परीक्षणासाठी दिलेल्या या गाडीवर मी आमच्या दैनिकात लिहिणार होतो, पण तो फेरा त्यात लिहिण्याजोगा मला वाटला नाही.

त्या दिवशी सूर्य दिसलाच नाही. थंडीने बॅटरी एरवीपेक्षा लवकर उतरत होती, त्यात काच धुरकटू नये म्हणून हीटर वाटभर चालू ठेवावा लागला, आणि तीनशे किलोमीटरचे वचन देणारी ती विजेची गाडी दोनशेच्या आतच, मटकुलीच्या घाटाखाली, निमूटपणे थांबली. मी जे घडले ते लिहिले.

आठवड्याने कंपनीने गाडीतली नोंद आमच्या दैनिकाकडे पाठवली. निघण्यापूर्वी गाडी त्याच त्या गल्ल्यांत फिरली, पुन्हा पुन्हा थांबली, हीटर चालूच होता. परीक्षकाने बॅटरी मुद्दाम उतरवली, असे त्यांचे म्हणणे होते.

महाराणा प्रताप नगरातल्या कार्यालयात आमचे संपादक दिलीप सरांनी तो कागद माझ्यासमोर सरकवला. "यार, हे काय आहे? परिक्रमा?"

"आईची बोलावणी होती, सर."

ते हसले, मग हसायचे थांबले. "हे मी छापू? तो फेरा वजा केला तरी गाडी कमी पडते, मान्य. पण लोक फेराच वाचतील. एकच रस्ता आहे. त्यांच्या माणसासमोर पुन्हा चालव. कमी पडली तर तू खरा. पोचली, तर माफीनामा तुझ्या नावाने, आणि सदर बंद. मग इथे तुला ठेवणे मलाही जमणार नाही."

मी होकार दिला. कंपनीनेही दिला, फक्त तारीख दिली नाही. कधी गाडी सर्व्हिसला, कधी इंजिनिअर दौऱ्यावर. मी रोज पहाटे गच्चीवर जाऊन श्वास सोडून पाहत असे. त्याची वाफ दिवसेंदिवस विरळ होत गेली, आणि मला माझे अवघे खरेपण तिच्याबरोबर विरताना दिसे. थंडी कुणाकडे मागावी? आई स्वयंपाकघरातून म्हणे, "मी सांगते ना त्यांना. म्हणावे, माझ्यामुळे झाले."

रथसप्तमी होऊन गेली आणि तारीख आली.

कंपनीचा इंजिनिअर शैलेंद्र पुण्याहून आला होता. माझ्याच वयाचा, हसतमुख. बसताना म्हणाला, "काय साहेब, आज कुणाकडे बोलावणे नाही ना?" मी मान हलवली. नर्मदेच्या पुलावर त्याने स्वेटर काढून मागे टाकला. सोहागपूरच्या पुढे मी हीटर लावला.

"अहो, घाम येतोय!"

"त्या दिवशी चालू होता."

"त्या दिवशी गरज होती. आज मुद्दाम लावताय, आणि तेच तर आमचे म्हणणे आहे," तो सौम्यपणे म्हणाला.

मी हीटर बंद केला. खिडकी उघडून हात बाहेर धरला, कुठे एखादी गार झुळूक उरली असेल म्हणून. हाताला ऊब लागली, आणि आंब्याच्या मोहोराचा इतका गोड वास आत आला की मला रडू फुटेल असे वाटले. मटकुली आली. गाडी थांबली नाही. घाटाची वळणे तिने सहज घेतली, आणि पचमढीत पोचल्यावरही बॅटरी शिल्लक होती.

शैलेंद्रने हात पुढे केला. "मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी ती बंद पडली असेलही."

"हे लिहून द्याल?"

तो डोंगराकडे पाहत राहिला.

फोन वाजला. आई होती. तिने गाडीचे काहीच विचारले नाही. "थंडी आहे का रे तिकडे?" एवढेच म्हणाली, आणि तिच्या आवाजात देवापुढे उभे असल्यासारखे काही होते.

"नाही, आई," मी म्हणालो. "स्वच्छ ऊन आहे."

पलीकडून तिचा खोकला ऐकू आला.