मास्तरांची रेघ

तीन आठवडे शिंपी मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि हे ते मिरवत होते. "झोप म्हणजे आळशांची चैन," दुकानात येईल त्याला ऐकवत. चहात मीठ घातलं, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधला, शेजाऱ्याला एकाच गोष्टीवरून दोनदा झापलं, पण कात्री? कात्रीला म्हणे काही झालेलं नाही! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

त्या सकाळी एक बाई वारलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन आल्या. तो लेकीच्या मापाचा करायचा होता. "असलं कापड आता मिळत नाही, मास्तर," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मास्तरांनी कोट उसवला, खडूने आखला, कात्री उचलली. तेवढ्यात मशीनवर बसलेली बायको उठली आणि तिने कापडावर हात ठेवला.

"हात काढ."

"आधी बाह्या बघा."

"बघितल्या."

"पुन्हा बघा."

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या आखल्या होत्या. "होतं एखाद्या वेळी," मास्तर पुटपुटले.

बायकोने शिवायला घेतलेल्या तुकड्यांचा गठ्ठा समोर टाकला. प्रत्येकावर त्यांची पांढरी रेघ होती आणि शेजारी तिची एक बारीक निळी. शिवण निळीवर घातलेली होती.

"कधीपासून?"

"दोन आठवडे झाले. अहो, डॉक्टर काय म्हणाले? झोप नसली की चुका होतात, आणि झालेल्या कळतही नाहीत. तुम्ही तेव्हा घड्याळ बघत होतात."

मास्तरांना आधी राग आला, मग लाज वाटली. शेवटी हायसं वाटलं. बाकी कपड्यांसारखं कोटाला जादा कापड नव्हतं. एकदा कात्री चुकली की संपलं.

त्यांनी कात्री फिरवून मूठ तिच्याकडे केली. "तू काप."

"मी कधी कापलंय?"

"दोन आठवडे माझ्या चुका निस्तरतेस. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

तीन दिवसांनी लेक कोट घालून उभी राहिली. बाईंनी तिच्या खांद्यांवरून हात फिरवला, डोळे पुसले. "मास्तर, काय हात आहे तुमचा!"

चाळीस वर्षं मास्तर याच वाक्यावर जगले होते. नुसते हसले असते तरी भागलं असतं.

"माझा नाही, हिचा," ते दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "मला झोप नाही, बाई. म्हणून तुमच्या कोटाला मी कात्री लावली नाही."