मागच्या सीटवरची झोप

"लेकराला मागं निजवून काचा लावू नको, बेटा," बदरोद्दीन चाचा म्हणाले होते. गाडीखालून बाहेर येऊन हात पुसत त्यांनी डिक्कीचं झिजलेलं रबर मला दाखवलं, सायलेन्सरही सडलाय म्हणाले. वाटूरला आमच्या घरासमोरच त्यांचं गॅरेज आहे. मिस्त्री लोक काम काढतातच, असं मी मनात धरलं. सायलेन्सर फुटला तर आवाज वाढेल, दुसरं काय. आणि मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई.

गाडी माझ्या नवऱ्याच्या, सोमेश्वरच्या मामांची. तीर्थपुरीचे धर्मराज मामा. पेट्रोलवरची, पंधरा वर्षांची, एक लाख नव्वद हजार किलोमीटर पळालेली. आम्हाला ती हवी होती आमच्या लेकीसाठी, तृप्तीसाठी. पोर पावणेदोन वर्षांची, दोनदा न्यूमोनिया होऊन गेलेला, आणि जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की थंडीत हिला मोटारसायकलवर आणायचं नाही. मामा म्हणाले, दोन दिवस चालवून बघा, मंग हो-न्हाई सांगा.

जानेवारीतली सकाळ होती, तृप्तीला दाखवायला जालन्याला निघालो होतो. वारं लागू नये म्हणून मी मागच्या काचा घट्ट लावल्या आणि तृप्तीला मांडीवर घेतलं. एरवी गाडीत क्षणभर स्वस्थ न बसणारी पोर पाव तासात झोपली. मला बरं वाटलं. गाल लालबुंद झाले होते. ऊब मिळाली, असं वाटलं. माझं डोकं ठणकत होतं, ते पहाटे उठल्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं. सोमेश्वरच्या बाजूची काच बोटभर उघडी होती, त्याला काही जाणवलं नाही.

रामनगरला चहासाठी थांबलो. तृप्तीला उठवायला गेले तर उठेना. मान एकीकडे लवंडली. मी नाव घेत राहिले, गालावर चापट्या मारल्या. खाली उतरताना माझेही पाय लटपटले, तेव्हा कुठे चाचांचं बोलणं आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं उत्तर डोक्यात एका जागी आलं. सडलेल्या सायलेन्सरचा धूर डिक्कीच्या फटीतून आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. त्या उत्तराला मला पाचपैकी पाच होते.

वाऱ्यावर धरल्यावर काही वेळाने ती ओकली, मग रडली. उरलेला रस्ता आम्ही चारी काचा खाली करून, तिला शालीत गुंडाळून काढला. डॉक्टरांनी दुपारपर्यंत ऑक्सिजन लावला. अजून अर्धा तास गेला असता तर, एवढंच म्हणाले.

गाडी घ्यायची नाही, हे ठरवावं लागलंच नाही. मामांना काय सांगायचं, हे मात्र ठरत नव्हतं. मी म्हटलं, झालं ते सांगू. वडील गेल्यावर सोमेश्वरला मामांनीच शिकवलेलं. तो म्हणाला, "मामानं लेकराला जहर दिलं, असं सांगू का त्यांना?"

तीर्थपुरीला किल्ली परत देताना त्याने कारण सांगितलं की हिला गाडी लागते. झुंबरबाई मामी माझ्याकडे बघून हसल्या. "मोटारसायकलवर लागत न्हाई, अन् मोटारीत बसलं की मळमळतंय. बसायला बी नशीब पाहिजे बाई." मी मान खाली घालून चहा प्यायले.

किल्ली परत दिल्यापासून नवव्या दिवशी मामींचा फोन आला. गाडी गेली. घेणारं जोडपं भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईचं. बाई पाच महिन्यांचं बाळ घेऊन आल्ती, वसंता नाव तिचं. "चक्कर मारायला बसल्या बसल्या झोपलं की तिचं पोरगं," मामी म्हणाल्या, "अन् तुला मेलं उलट्या होतेत."

मग मी सगळं सांगितलं. मामांनी फोन घेतला. "पोरी, आधी का न्हाई सांगितलं?" मी गाडी घेणाऱ्यांचा फोन नंबर मागितला.

सौदा एजंटाने जमवला होता. त्याने दिलेला नंबर बंद लागतो. गाडी अजून मामांच्याच नावावर आहे, म्हणून कागदावरूनही त्यांचा पत्ता लागत नाही. सोमेश्वर आणि मामा पिंपळगावला जाऊन आले. बसस्टँडवर विचारलं, देवळापाशी विचारलं, दोन गॅरेजं पालथी घातली. एकाने सांगितलं, ते गावातले न्हाईत, जवळच्या कुठल्यातरी वस्तीवरचे. गाडी येताना पाहिल्ती, नंतर कुणी दिसलं न्हाई. चार वस्त्या फिरून दोघं परत आले. आज अकरावा दिवस. थंडी अजून हटलेली नाही.

तुम्ही त्या भागातले असाल तर माझं एवढं ऐका. कुणाच्या अंगणात चंदेरी रंगाची, मागच्या डाव्या दाराला पोचा पडलेली जुनी गाडी दिसली, तर दार वाजवा. वसंताला हाक मारा. आणि तिचं बाळ जागं आहे ना, तेवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.