लव्हिनियाच्या केसांचा टोप

मी एक टोप बोलतोय. नाटकात राणीच्या डोक्यावर चढवतात तसला, तांबूस केसांचा. माझे केस बाजारातून आणलेले नाहीत. ते लव्हिनिया ट्रेडगोल्डचे आहेत, आणि मी तयार झालो तेव्हा ती जिवंत होती.

तिचा नवरा अँब्रोज. नुसता भाला धरून मागे उभं राहण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे इंग्लंडातल्या नॉरिच गावात स्वतःचं थिएटर थाटलं. नटही तोच, मालकही तोच. राणी मात्र नेहमी लव्हिनिया.

एका हिवाळ्यात तिला ताप भरला. डॉक्टरांनी केस कापायला लावले. अँब्रोजने त्याच केसांपासून मला बनवून घेतलं आणि तापाच्या नवव्या दिवशी तिला पुन्हा रंगमंचावर उभं केलं.

मला खालून तिच्या डोक्याची नुसती आच लागत होती. तिसऱ्या अंकात राणीचं वाक्य सोडून ती हळूच म्हणाली, "अँब्रोज, ऐक..."

ती शब्द विसरली असं समजून त्याने चढ्या आवाजात आपलं भाषण सुरू केलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. दोन दिवसांनी गेली.

मग मी किटी फर्लो नावाच्या नव्या नटीच्या डोक्यावर गेलो.

"हा टोप गरम लागतोय हो," ती म्हणाली.

"दिव्यांची धग असेल," हॅनाबाई म्हणाल्या. नटींना सजवायचं काम त्यांचं.

तिसऱ्या अंकात, त्याच जागी, किटी थबकली. लव्हिनियाच्या आवाजात म्हणाली, "अँब्रोज, ऐक..."

या खेपेला तो ऐकत उभा राहिला. पुढे काही आलं नाही. आठवड्याभरात किटी तापाने गेली. तिच्यामागून आलेलीही गेली. तिसरी अंथरुणाला खिळली, तेव्हा हॅनाबाई अँब्रोजच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, त्या टोपाला काडी लावा."

"तिचं वाक्य अर्धं राहिलंय, हॅना."

"तोडलं कुणी ते? ऐकायचंच असेल तर स्वतःच्या डोक्यावर घाला. दुसऱ्यांच्या लेकी कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डोकं भादरून आला आणि रिकाम्या थिएटरात त्याने मला चढवलं. राणीचं भाषण म्हणत म्हणत तो त्या जागेपाशी पोचला. त्याच्या तोंडून तिचा आवाज निघाला, "अँब्रोज, ऐक, मला घरी ने."

मग तो आपल्या आवाजात म्हणाला, "चल."

मला न काढताच तो भर बाजारातून घरी चालत आला. लोक बाजूला सरले. कुणी हसलं नाही.

त्याला आज सहावा दिवस. पहाटे अँब्रोजचा श्वास थांबला. मी त्याच्या मुठीत आहे. तापात त्याने विकून टाकलेल्या थिएटरचे नवे मालक खाली सामानाची यादी घेऊन बसलेत. यादीत मीही आहे, आणि त्यांची राणीही ठरली आहे.

हॅनाबाई, शेगडी पेटलेली आहे. कुणी वर यायच्या आत त्याची बोटं उघडा. तो केव्हाच गार पडलाय. मी अजून गरम आहे.