पहिल्या गाण्यातली तार

मावशींना कुणी विचारलं, की तुमचं लग्न कसं जमलं, तर त्या आधी खुर्ची ओढून घ्यायच्या. उभ्याउभ्या सांगायची ती गोष्टच नव्हती. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आसपास असले तर त्यांनाही बोलावून घ्यायच्या. "अहो, इकडे या. तार तुम्ही सांगा, पुढचं मी सांगते."

तर गोष्ट अशी. अडतीस वर्षांपूर्वी त्यांच्या लाडक्या बँडचा कॉन्सर्ट झाला. मैदानात मुंगी शिरायला जागा नाही. पहिल्याच गाण्यात गिटारवाल्याची तार तुटली, पण पठ्ठ्या थांबला नाही, उरलेल्या पाच तारांवर त्यानं गाणं तडीस नेलं. ते बघायला मागची गर्दी पुढे लोटली. दुसऱ्या गाण्यात मावशी कठड्यापाशी चेंगरल्या, शुद्ध हरपली, आणि एका तरण्याबांड पोरानं त्यांना उचलून पलीकडे नेलं. तो पोरगा म्हणजे काका. काका आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक, त्यामुळे मावशी शेवटी हमखास म्हणायच्या, "माणसांना उचलायचा धंदाच आहे यांचा!"

लोक हसायचे, काका मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसायचे. तो त्यांचा संकोच आहे असं मावशींना वाटायचं, आणि त्यावर त्या आणखीच खूश व्हायच्या. स्वतः त्या चाळीस वर्षं दाताच्या कवळ्या करत आल्या होत्या. मेणात दात बसवताना केसाएवढी फट त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. माणसं पारखण्यातही आपण तशाच, हा त्यांचा ठाम समज. बाबांनी चांगला दुकानदार मुलगा बघून ठेवलेला असताना त्यांनी या लिफ्टवाल्याशी लग्न केलं होतं, ते त्या एका उचलण्यापायी.

बँडच्या चाहत्यांचं मंडळ महिन्यातून दोन रविवारी चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचं. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, खाली पत्र्याच्या खुर्च्या, कोपऱ्यात दोन दांडगे स्पीकर. सगळे साठीच्या अल्याडपल्याडचे. काळे टी-शर्ट पोटावर ताणलेले, छातीवरचा बँडचा छाप धुऊन धुऊन पार विटलेला. कुणी म्हणे आपला ड्रमवाला जगात एक नंबर, कुणी दुसऱ्या एखाद्या बँडच्या ड्रमवाल्याचं नाव काढे, की झालीच जुंपायला सुरुवात. एकदा तर दोघे यावरून चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. साठीचे बाप्ये, पण भांडण शाळेतल्या पोरांसारखं.

मंडळाचा एक रिवाज होता. त्या कॉन्सर्टची एक जुनी कॅसेट होती, गर्दीत कुणीतरी चोरून भरलेली, प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत अशी घरोघर पोचलेली. तिच्यात पहिल्या गाण्यात मध्येच 'टण्ण' असा आवाज यायचा. तीच ती तार. तो क्षण जवळ आला, की सगळ्यांनी एक हात वर करून बोट उभं धरायचं, आणि 'टण्ण' झालं की हात खाली. कारण कुणी विचारत नसे. नवीन माणसालाही दोन खेपेत सवय व्हायची.

त्या रविवारी मंडळात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉन्सर्टच्या वेळी मिक्सरवर बसलेला साउंडवाला गेला, आणि त्याच्या मुलाला माळ्यावर पेटीत मूळ टेप सापडली होती. थेट यंत्रातून उतरलेली, काचेसारखी स्वच्छ. ती आज पहिल्यांदा वाजणार होती. चष्मेवाल्यानं आधी काका-मावशींना पुढे बोलावलं. "ज्यांच्या संसाराची सुरुवात या टेपमध्ये आहे, त्यांच्या तोंडूनच ऐकू या!"

काकांनी तार सांगितली. मावशी म्हणाल्या, "आणि लाइटमध्ये चमकली हो ती तार! अजून डोळ्यांपुढे आहे." मग चेंगराचेंगरी, मग उचलणं, मग धंद्याचा विनोद. टाळ्या पडल्या. दोघं पहिल्या रांगेत बसले आणि चष्मेवाल्यानं बटण दाबलं.

बाप रे, काय तो आवाज! गिटारवाला जणू शेजारच्या खुर्चीवर बसून वाजवत होता. मावशींच्या अंगावर सरसरून काटा आला. गाणं त्या जागेजवळ आलं तसे चाळीस हात वर गेले, चाळीस बोटं उभी राहिली.

ती जागा आली आणि गेली. तार तुटलीच नाही.

सहाच्या सहा तारांवर गाणं धडाक्यात पुढे गेलं, आणि हात तसेच वर. खाली करायचा इशाराच मिळाला नव्हता ना! एकमेकांकडे बघत, चोरट्यासारखे एकेक हात खाली आले. गाणं संपलं तेव्हा चष्मेवाल्यानं टेप थांबवली. "हे काय झालं?"

सगळ्यांच्या माना पंचांगाकडे वळल्या. पंचांग म्हणजे निवृत्त पोस्टमन. बँडनं कुठल्या तारखेला कुठल्या गावी काय वाजवलं हे त्याला तोंडपाठ, म्हणून हे नाव. तो डोकं धरून बसला होता.

"भोंगा," तो म्हणाला. "आपल्या कॅसेटमध्ये पहिल्या गाण्याआधी आगगाडीचा भोंगा ऐकू येतो. मी तीस वर्षं म्हणत आलो, कुणी पिपाणी वाजवत असेल. अरे, आपल्या मैदानाजवळ रूळ आहेतच कुठे? आदल्या दिवशीचा कॉन्सर्ट दुसऱ्या गावाला, स्टेशनामागे झाला होता. ती कॅसेट तिथली आहे! कुणा गाढवानं तारीख चुकीची टाकली, आणि आपण सगळ्यांनी ती उतरवून घेतली."

"म्हणजे आपल्याकडे तार तुटलीच नाही?"

"नाही."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "मग काका, तुम्ही कुठली तार बघितलीत?"

"तेच म्हणतो मी," काका पुटपुटले. त्यांचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. मावशीही चक्रावल्या. आपण ती तार चमकताना पाहिली होती. या दोन डोळ्यांनी! पण त्यावर विचार करायला सवड मिळाली नाही, कारण कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढचं तरी लावा!" आणि दुसरं गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं झालं आणि गाणारा मध्येच थांबला. वाद्यं एकामागून एक गप्प झाली. गर्दीचा कल्लोळ, आणि त्यावर गाणाऱ्याचा आवाज, जसाच्या तसा:

"थांबा, थांबा! मागे सरका! इथे मुलगी पडलीये, निळ्या फ्रॉकमधली. अहो, लाल टोपीवाल्या बाई, तुम्ही, हां, तुम्हीच! उचला तिला. अशी खांद्यावर घ्या... शाब्बास! आणि बाकीचे गडी काय नुसते बघत उभे आहात? टाळ्या वाजवा या बाईंसाठी!"

टेपमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोलीतलं कुणी हललंसुद्धा नाही.

निळा फ्रॉक मावशींचाच होता. तो अजून कपाटात होता. मावशींनी हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. खोलीतल्या चाळीस माणसांच्या तोंडावर आश्चर्य होतं. एकट्या काकांच्या तोंडावर नव्हतं. मघाशी तारेच्या वेळी ते गोंधळले होते, आता नाही. त्यांना हे माहीत होतं.

काका उठले. "मी उचललं नव्हतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "चूक माझी आहे. तिला काही बोलू नका." आणि छत्री तिथेच विसरून जिना उतरून गेले.

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. मावशींनी त्यांना कोपऱ्यावर गाठलं आणि मग तोंडाचा पट्टा सुरू झाला तो दारापर्यंत थांबला नाही. येणारेजाणारे वळून बघत होते, बघेनात का!

"अडतीस वर्षं! लेकीला झोपवताना हीच गोष्ट सांगितली मी. माझे बाबा शेवटच्या दुखण्यात तुमचा हात सोडत नव्हते. का, तर माझ्या मुलीचा जीव वाचवणारा जावई! त्यांच्या तोंडावर खोटं बोलताना जीभ कशी झडली नाही तुमची? अहो, काहीतरी बोला!"

काका खाली मान घालून चालत राहिले. मावशींना त्याचाच जास्त संताप आला. एखादी सबब तरी सांगावी माणसानं. घरात शिरल्याशिरल्या त्यांनी कपाटावरची बॅग खाली ओढली, हाताला लागतील तसे कपडे तिच्यात कोंबले. लेकीकडे जायचं, आणि तिलाही सांगायचं, की तुझा बाप असा आहे. ज्याच्यासाठी बाबांशी भांडलो तो हा माणूस नव्हेच, मग हा इतकी वर्षं शेजारी झोपलेला आहे तरी कोण?

"खरंच निघालीस?" काकांनी दारातून विचारलं.

"मग काय, आरती ओवाळू?"

काका आत गेले. लिफ्टच्या नकाशांची जुनी जाड फाइल घेऊन आले, आणि तिच्या शेवटच्या कप्प्यातून त्यांनी वहीचा फाडलेला कागद काढला. चार कोपऱ्यांना टाचणीची भोकं. "तुला हे कधी दाखवायचं नव्हतं," ते म्हणाले. "पण तू चाललीस म्हणून."

मावशींनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं: 'परवाच्या कॉन्सर्टमध्ये दुसऱ्या गाण्याच्या वेळी लाल टोपीवाल्या ज्या बाईंनी मला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं, त्यांना भेटून आभार मानायचे आहेत. ओळखत असल्यास कवळ्यांच्या लॅबमध्ये निरोप द्यावा.'

अक्षर मावशींचं होतं.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला दुसरं काही असेल.

"कॅसेटच्या दुकानातल्या फळ्यावर ही चिठ्ठी लावली होतीस," काका सांगू लागले. "मीही कॉन्सर्टला होतो, पण पार शेवटच्या रांगेत, मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. चिठ्ठी वाचून लॅबमध्ये आलो आणि म्हटलं, मी त्या बाईंना ओळखत नाही."

"ओळखत नाही, हे सांगायला कोण येतं?"

"तुला चिठ्ठी लावताना बघितलं होतं ना."

मावशींनी कागदाच्या कोपऱ्यातली भोकं बोटानं चाचपली.

"मग आपण दोघं त्यांना शोधत हिंडलो. सापडल्या नाहीत. महिन्यानं तू मला घरी नेलंस. तुझे बाबा म्हणाले, हा लिफ्टवाला कोण कुठला? तर तू ताडकन म्हणालीस, बाबा, यांनीच मला गर्दीतून उचललं. माझ्या हातातून कप निसटायचा राहिला. बाबा उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. आता त्यांना काय सांगू, मी नव्हे म्हणून?"

"मी म्हणाले?"

"तूच. जिन्यात आल्यावर तोंडावर हात दाबून किती हसलो होतो आपण."

आणि तो जिना मावशींना आठवला. लाकडी कठडा, आपला दबलेला श्वास, आणि 'लग्न झालं की बाबांना खरं सांगून टाकू' असं म्हणणारा स्वतःचाच आवाज. मग बाबा घरी राहायला आले, ते सतरा वर्षं राहिले. त्यांच्यासमोर गोष्ट सांगायची, पाहुण्यांसमोर सांगायची, लेकीला सांगायची. सांगता सांगता लाल टोपी कधी गळून पडली? आठवेना. काहीच आठवेना. त्यांच्या आठवणीत त्यांना उचलणारे हात आजही काकांचेच होते. त्या हातांवरचे केस त्यांना दिसत होते. न तुटलेली तार दिसत होती तशीच.

"मला कधी बोलला का नाहीत?"

"बाबा गेल्यावर दोनदा बोललो. तू म्हणालीस, पुरे झाली थट्टा. तेव्हा तुझ्या डोळ्यांत बघितलं मी. तू खोटं बोलत नव्हतीस गं. तुला खरंच तसं आठवत होतं." काकांनी कागद परत फाइलमध्ये ठेवला. "म्हटलं, राहू दे. आठवणीत का होईना, मी तुला उचललं ना."

मावशी बराच वेळ हुंदका न देता रडल्या. रस्ताभर आपण या माणसाला काय काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, ते बरोबर आठवत होतं. काकांच्या हातातला फोन सारखा घुंघुं करत होता. मंडळाच्या ग्रुपवर कुणी 'फसवणूक' म्हणत होतं, कुणी 'बिचाऱ्या मावशी' म्हणत होतं. खालच्या चौकटीत काकांनी अर्धवट टाइप केलेलं दिसत होतं: 'माझ्या बायकोला मी अडतीस वर्षं फसवलं, त्याबद्दल...'

"हे काय लिहिताय?"

"संपवून टाकतो एकदाचं. मला काय फरक पडतो? तुला मंडळात जायचं असतं."

मावशींनी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला. सगळी अक्षरं पुसली आणि एका बोटानं, चष्म्यावरून बघत, एकेक शब्द जुळवला. 'खोटं यांनी नाही, मी बोलले. बाबांशी, मग सगळ्यांशी, मग स्वतःशी. यांनी ते अडतीस वर्षं अंगावर घेतलं, आणि आज तुमच्यासमोरसुद्धा.'

"अगं, वेड लागलंय का? काय म्हणतील सगळे?" काका खरोखर हादरले होते. "आण तो फोन इकडे!"

"हात लावू नका," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तो मेसेज पाठवून टाकला.