पोरीला फासा लागत नाही

रविवारी दुपारी जेवणाची भांडी उचलली की आमच्या टेबलावर नकाशा अंथरला जातो. कागदावरचे डोंगर, भुयारं, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, आणि कोण जगणार ते फासे ठरवतात. हाच खेळ आणखी दोन घरांत चालतो. जग एकच असल्यामुळे कॅरेक्टरं या टेबलावरून त्या टेबलावर जातात आणि एकीकडे मान्य झालेला नियम सगळीकडे चालतो. म्हणून कुणी घरी रचलेला किंवा भलत्याच पुस्तकातून उचललेला नियम आधी माझ्याकडे येतो. मला सगळे चाळणी म्हणतात. ते कौतुक नाही, हे मला कळतं.

नुसतं वाचून हो-नाही म्हणायचं नाही, अशी आमची रीत. नियम सगळ्यांसमोर खेळायचा आणि जमेल तितक्या नीचपणे मोडून बघायचा. टिकला तर मान्य.

दुकानांच्या पाट्या रंगवणारा आमचा रंगारी सारखा काही ना काही आणतो. मागे त्याची तलवार एका घावात दोघांना मारून वर मारणाऱ्याच्या जखमाही भरायची.

"पुस्तकात छापलंय," तो म्हणाला.

"छापलेलं खरं असतं, तर तुझ्या पाट्यांवरची सूटही खरी असती," नणंद म्हणाली. ती आमची सूत्रधार. गोष्ट ती सांगते, राक्षसही तीच चालवते.

या रविवारी नियम आणला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी.

ताईंची मुलगी जाऊन वर्ष होत आलं. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं. शेवटपर्यंत ताई तिच्या शेजारी बसून होत्या. त्यानंतर त्या घराबाहेर पडतात त्या या टेबलापुरत्याच. भावजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तेवढं एक चालू राहू दे गं. बाकी कशात तिचं मन नाही."

ताईंनी फोनवर लिहून आणलेलं वाचलं. "कॅरेक्टरसोबत तिची मुलगी असू शकते. आई शेजारी असेपर्यंत मुलीला कुठलाही फासा लागत नाही." मग नकाशावरच्या आपल्या तिरंदाज बाईला खेटून त्यांनी एक पिवळं बटण ठेवलं. ते कुठल्या फ्रॉकचं ते मी ओळखलं.

"मान्य करून टाक की," रंगारी हलक्या आवाजात म्हणाला. "कुणाचं काय जातंय?"

मला मात्र ऐकता ऐकताच भोक दिसलं होतं. मुलगी झाल्यापासून कुठल्याही खोलीत शिरले की मला आधी टेबलांचे कोपरे आणि विजेची बटणं दिसतात. नियमांचंही तसंच होतं.

"ताई, आपण नंतर बोलू या का यावर?"

"का? सगळ्यांचे इथेच मोडतेस ना? माझाही मोड. वेगळी वागणूक नकोय मला. वर्षभर तीच चाललीय."

नणंदेने माझ्याकडे बघितलं आणि सुरुवात केली. भुयार. पुढे लोखंडी दार. दाराला हात लावला की विषारी बाण सुटणार.

"ताईंच्या तिरंदाज बाईला मी सांगते," मी म्हणाले, "मुलीला पुढे कर. तिला उघडू दे दार."

मी बटण दाराशी सरकवलं, त्याला खेटून तिरंदाजही.

"आई शेजारी उभी आहे. बाण लागणार नाहीत."

नणंदेने फासा उचलला आणि खाली ठेवला. टाकायचं कारणच नव्हतं. दार उघडलं.

"आत आग ओकणारा राक्षस," ती म्हणाली.

"सगळ्यांत पुढे मुलगी. तिच्या मागे आई. आईच्या मागे आम्ही सगळे."

"आयला," रंगारी सवयीने हसला, "म्हणजे त्या दुसऱ्या घरातल्या टेबलावर आता जो तो एकेक पोर घेऊन..." आणि थांबला. पण बोलून झालं होतं. तिथले सगळे त्याचेच दोस्त. हसत हसत पोरं पुढे ढकलली असती त्यांनी. बटण कुणाचं, हे तिथे कुणाला ठाऊक असणार?

ताई बटणाकडे बघत होत्या. "करतील असं?"

"करतील, ताई."

"तू?"

"मी आत्ताच केलं."

"आपल्या टेबलापुरता ठेवू या ना," नणंद म्हणाली. पण ताईंची तिरंदाज पुढच्या लढाईला त्याच टेबलावर जायची होती. मी नियमाची काहीतरी डागडुजी करायला गेले. "मुलीला लागलेला घाव अर्धाच मोजायचा, असं केलं तर?"

"अर्धा म्हणजे किती?" ताईंनी शांतपणे विचारलं.

मी लिहायला घेतलेली पेन्सिल खाली ठेवली.

"राहू दे. मागे घेते मी."

तेवढ्यात आतल्या खोलीत माझी मुलगी उठून रडायला लागली. ताईंची खुर्ची त्या खोलीच्या दाराला लागून, त्या अर्ध्या उठल्याही. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या आधी दारात पोचले. ताई परत बसल्या.

मुलीला कडेवर घेऊन आले तर नकाशावर बटण नव्हतं.

"चला पुढे," ताई म्हणाल्या. "नियम गेला, म्हणजे दार उघडायचं राहिलंय. मी उघडते."

"ताई, बाण विषारी आहेत," नणंद म्हणाली.

"ऐकलं मघाशी."

"थांबा, माझ्याकडे उतारा आहे," रंगारी आपल्या कॅरेक्टरच्या झोळीतल्या वस्तूंची यादी बघत म्हणाला. "आधी तो घ्या."

"नको."

फासा नणंदेला टाकावाच लागला. तिरंदाज दारातच पडली. आमच्या जगात मेलेलं कॅरेक्टर परत येत नाही. परत आणायचा नियम दोनदा आला होता. दोन्ही वेळा मीच नाकारला होता.

"नवीन करू या ना ताई," रंगारी म्हणाला. "मी मदत करतो."

"बघू." ताईंनी आपले फासे डब्यात भरले, झाकण दाबलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "हिला होतील. आत्ता देऊ नकोस हं, तोंडात घालेल."

चपला घालताना त्यांनी वळून बघितलं नाही.

संध्याकाळी भावजींचा फोन आला. "आज लवकर कशी आली गं ती? पुढच्या रविवारी सोडू ना तिला?"

डबा कपाटावर, मुलीचा हात पोचणार नाही इतका वर ठेवला होता. मी तिकडे बघत म्हणाले, "विचारून बघा, भावजी."