उपटलेली घोळ

…लालसर जाड काडी, तिला चिकटलेली इवली मांसल पानं, मुळाशी ओल्या मातीचा गोळा—आणि ती काडी तिच्या तोंडात. अर्धी आत, अर्धी बाहेर. त्याच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

बायको खुर्चीत बसून घोळ खात होती. कच्ची. मातीसकट.

अर्धांगाच्या झटक्यात तिचा उजवा हात लुळा पडलेला, वाचा गेलेली; दवाखान्यातून आणल्यापासून चमचा पुढे केला की ती मान फिरवायची. म्हणून आज त्याने तिला अंगणात बसवलं, आणि फरशीच्या फटींतून माजलेली घोळ उपटून तिच्या पायाशी टाकली—तिला बरं वाटेल म्हणून. लग्न झाल्यापासून ती या तणाच्या मागे हात धुऊन लागलेली. आणि हा, छापखान्यात प्रुफं वाचून डोळे अधू झालेला, दर वर्षी चाचरत सांगायचा, अगं, खातात ही, औषधी असते… "पुस्तकात लिहिलंय ना? मग पुस्तकच चावा," म्हणत ती घोळ कुंपणापलीकडे भिरकावायची, तिथेही ती मूळ धरायची, ते वेगळंच. तेव्हा त्याला वाटायचं, एकदा तरी हिने म्हणावं, तुमचं बरोबर होतं. एकदाच…

पण हे असं नव्हे. असं नको होतं मला.

"बाबा, आई खातेय!" मुलगी दारातून धावत आली, आईच्या ओठांवरची माती पदराने पुसू लागली. "बघताय काय नुसते? आणा ना अजून, धुऊन देते."

"तिला… तिला आवडत नाही गं ती."

"आवडत नाही? ढीग अर्धा केला तिने!"

बायकोने डावा हात पुढे केला. पंजा उघडा, बोटं हलणारी—लहान मूल मागतं तसा. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती जुनी तिडीक असेल कुठेतरी, आत्ता तोंड वाकडं करेल, भिरकावेल… डोळ्यांत नुसती भूक होती. मग ती भांडणारी कुठे गेली? की आतच कुठेतरी बसून म्हणतेय, घ्या, जिंकलात? सगळा जन्म चुका हुडकण्यात गेला, आणि समोरच्या बाईत काय बदललंय, की काहीच नाही, हे त्याला सांगता येईना.

फटींत अजून घोळ उरली होती, तिथे तो खाली बसला. खुरपं बाजूला ठेवलं. मुळाला हात लावायचा नाही, नुसते कोवळे शेंडे खुडायचे, म्हणजे परत फुटेल. उद्या लागेल, परवा लागेल… बोटं आपोआप तसं करत गेली, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपण घोळ राखतोय—तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वैरिणीला फितूर झालोय. ओंजळ भरली, तरी हात थांबेनात.