मोहिद्दीनभाईंचं व्याज

मालिनीबाईंना कुणी नाही म्हटलेलं खपत नसे, आणि शाळेसाठी देणगी मागत फिरणाऱ्या बाईला तर दिवसाला दहा जण नाही म्हणतात. त्यामुळे १९८८ च्या त्या मार्चमध्ये त्यांचं नाक कायम लाल असे.

शाळा बदलापूरला, मांजर्लीत. बाई तिच्या मुख्याध्यापिका. सातवीपर्यंतचे आणि मोजक्या मुलांचे नववी-दहावीचे वर्ग कसेबसे खोल्यांत बसत, आठवी व्हरांड्यात. आणि दरवर्षी आठवीला मुली गळत. सातवीत पंधरा असल्या तर आठवीत चार. बाईंनी त्याचं निदान करून टाकलं होतं. वयात आलेल्या मुलीला उघड्या व्हरांड्यात कोण बसवेल? एक खोली बांधली की मुली टिकतील. खोलीसाठी त्यांनी अंबरनाथ पालथं घातलं, कारखान्यांतल्या साहेबांचे उंबरे झिजवले आणि शेवटी उल्हासनगर गाठलं.

तिथे कॅम्प दोन या वस्तीत भगवंताचा लोखंडी कपाटांचा कारखाना होता. भगवंत मांजर्लीजवळच्या गावचा, आगरी. त्याची चिमी बाईंच्या शाळेत सातवीत, वर्गात पहिली. कारखान्यात भांडवल कल्याणच्या मोहिद्दीनभाईंचं आणि हात भगवंताचे. नफा निम्मा-निम्मा. नुकसान झालं तर पैसा मोहिद्दीनभाईंचा गेला आणि मेहनत भगवंताची गेली, असा करार. शेजारचा सिंधी दुकानदार कपाळाला हात लावायचा. "साईं, ब्याज पे दे दो और आराम से सो जाओ," म्हणायचा. मोहिद्दीनभाई हसून म्हणायचे, "नींद तो मुझे ऐसे ही आती है."

बाईंनी दोघांपुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं. खोली बांधून द्या, दारावर तुमच्या नावाची संगमरवरी पाटी लावते.

"यंदाचा नफा नव्या मशीनमध्ये गेला, बाई," मोहिद्दीनभाई म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "एक रक्कम आहे. विजेच्या जोडणीसाठी बँकेत ठेव ठेवायला लागली होती. नऊ वर्षं बँक तिच्यावर व्याज लिहिते. मी हात लावला नाही. साडेआठ हजार झालेत. ते घेऊन जा."

बाईंचा चेहरा उजळला.

"पण त्याची खोली नका बांधू. संडास बांधा."

चहाचा कप उचललेला बाईंनी तसाच खाली ठेवला. "म्हणजे? तुम्ही ज्या पैशाला शिवत नाही, तो आमच्या शाळेला चालतो होय?"

"गैरसमज करू नका. आमच्या धर्मात व्याज हराम, ते मला घेता येत नाही, म्हणजे ते माझं नाही. जे माझं नाही ते देऊन मी सवाब, तुमचं ते पुण्य, कसं मागू? विद्येच्या खोलीला कष्टाची कमाई लागावी. हे नुसतं लोकांच्या सोयीला जावं."

"पुण्य नको, पाटी नको, आणि वर संडास!" बाई ताडकन उठल्या. "माझी शाळा म्हणजे तुमचा उकिरडा नाही." भगवंत मागून "बाई, बाई" करत गल्लीच्या तोंडापर्यंत आला. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सासूबाईंना, म्हणजे माईंना, घरी आल्यावर सगळं सांगून झालं. माईंनी शेंगा सोलता सोलता एवढंच विचारलं, "मग शाळेत पोरी जातात कुठे गं?" बाई तेव्हा रागात होत्या. रागात असलेल्या माणसाला साधे प्रश्न ऐकू येत नाहीत.

जूनमध्ये आठवीची हजेरी घेतली तर चिमीच नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. बाई तरातरा भगवंताच्या घरी गेल्या. तो कारखान्यात होता. ओट्यावर कमळाबाई, त्याची बायको, मासळी साफ करत होती. बाईंनी तिला फैलावरच घेतलं. एवढी हुशार मुलगी चुलीपाशी बसवता, लग्नाची घाई झाली का, लाज कशी वाटत नाही.

कमळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हात धुऊन समोर येऊन बसली.

"बाई, तुमचा घर शालेचे बाजूला हाय. तुमी मधले सुट्टीन घरा जाऊन येता. माझे पोरीनी कुठं जावाचा? पोरं जातान नदीचे अंगाला. ती सकालपासून पानी पीत नाय. दोनदा चक्कर येऊन पडली. आता ती मोठी झाली. मीच नको बोलले."

चौदा वर्षं त्या मधल्या सुट्टीत घरी जात होत्या. घर चार पावलांवर, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. पंधरातल्या अकरा मुली गळू नयेत म्हणून त्यांनी दोन गावं पालथी घातली, आणि उत्तर त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात होतं. त्यांना स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कॅम्प दोनला हजर. "मोहिद्दीनभाई, ते पैसे द्या. आणि त्या दिवशी बोलले ते सगळं मागे घेते."

"चाय घेणार ना आज?" मोहिद्दीनभाईंनी एवढंच विचारलं.

दीड महिन्यात दोन संडास उभे राहिले, वर पाण्याची टाकी. दारं भगवंतानं कारखान्यातल्या पत्र्याची केली, आतून भक्कम कडी. हिरवा रंग, चकचकीत मूठ, हुबेहूब कपाट. पोरी हात वर करून विचारू लागल्या, "बाई, कपाटात जाऊन येऊ?" पोळ्यापर्यंत चिमी वर्गात परत आली होती.

गंमत पुढेच झाली. ही बातमी आसपासच्या गावांत पसरली आणि पुढच्या जूनला आठवीत सव्वीस मुली आल्या. व्हरांडा पुरेना. बाई पुन्हा उल्हासनगरला. "आता मात्र खोलीच हवी."

मोहिद्दीनभाई पोट धरून हसले. मग त्यांनी भगवंताकडे पाहिलं, भगवंतानं मान हलवली. ठरलं ते असं: नफ्याची वाटणी होण्याआधी दहावा हिस्सा शाळेचा. "पण महिन्याला अमुक इतके, असं नाही मिळणार," मोहिद्दीनभाईंनी बजावलं. "धंदा चालला तर तुम्हाला, बसला तर तुम्हालाही काही नाही."

त्या दिवसापासून बाई ज्याच्या-त्याच्या घरी कपाट आहे का ते बघू लागल्या. शाळेतल्या तीन मास्तरांच्या गळ्यात त्यांनी कपाटं मारली.

दोन वर्षांनी खोली झाली. उद्घाटनाच्या आठवड्यातच दहावीचा निकाल लागला, आणि चिमी शाळेत पहिली आली. तेव्हा फीत कापायचा मान कमळाबाईचा, असं बाईंनी ठरवलं. कमळाबाई नवं लुगडं नेसून, हातात हळद-कुंकवाची वाटी घेऊन आली. खोलीपाशी सगळे खोळंबले होते. ती खोलीवरून सरळ पुढे गेली. मागच्या बाजूला, त्या हिरव्या पत्र्याच्या दाराला तिनं हळद-कुंकू लावलं आणि खाली वाकून उंबऱ्याला हात टेकला.

कुणी तरी फिसकन हसलं. बाईंनी असं काही वळून पाहिलं की ते हसू जागीच मेलं.

मोहिद्दीनभाई मात्र कावरेबावरे झाले. पुढे होऊन हलक्या आवाजात म्हणाले, "भाभी, तिथं नको. तो पैसा माझा नव्हता."

कमळाबाईनं वाटी पदराखाली घेतली.

"तुमचा नसल, भाई," ती म्हणाली. "पन माझे पोरीचा झाला ना."

मोहिद्दीनभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली.